खांद्यावरचा हात

नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. आणि जिला सांगायचं होतं, ती आता नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, कधी आमच्या घरी येणार नाही, म्हणूनही असेल.

गोष्ट एका फोटोची आहे — फोटो लहान करण्याची. हसू नका. आता फोन आपला आपण फोटो लहान करतो आणि पाठवून देतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते काम आपल्या हातानं करावं लागे. मी बंगळूरला, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. ऑफिसची बस निलगिरीच्या झाडांमधून जायची, खिडकीतून तो वास यायचा, आणि मी अर्धी झोपेत अर्धी जागी, लग्नाचा विचार करत बसलेली असायची. ते दिवस आठवले की सगळं पाण्याखालचं वाटतं. ऊनसुद्धा हळू पडायचं तेव्हा.

पण मी अक्काबद्दल सांगत होते — नाही, अजून सुरूच केलं नाही. बघा, कशी टाळतेय.

अक्का म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. आमचं घर चामराजपेटेतलं, कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं मराठी घर. आमच्यात आत्याला अक्का म्हणायची सवय. आई शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, ते अक्कानं. पुट्टी, म्हणजे छोटी, हे नावही तिनंच ठेवलेलं. तिला कोड होतं. आधी बोटांच्या टोकांना आलं, मग ओठांवर, मग डोळ्यांभोवती. त्यापायी तिचं लग्न झालं नाही. मला मात्र ते डाग म्हणजे ढग वाटायचे. दुपारी तिच्या कुशीत पडलं की तिच्या हातावरच्या एकेका ढगाभोवती मी बोट फिरवायची, आणि फिरवता फिरवता झोपून जायची.

आम्ही दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो. इकडची रीत. आमच्याकडे ते काम अक्काचं — राजा-राणी वरच्या पायरीवर, वाणी आणि वाणीण खाली, मधे तिनं कापसाचे केलेले हंस. त्या वर्षी माझं अमेरिकेतल्या एका मुलाशी जमवायचं चाललं होतं. घरचे पुण्याचे. मुलानं कळवलं, एकटीचा फोटो नको, घरातल्या सगळ्यांबरोबरचा असला तर ईमेलनं पाठवा. बाबांच्या मित्राकडे चांगला कॅमेरा होता. आम्ही सगळे बाहुल्यांपुढे उभे राहिलो. अक्का दाराशीच.

तिला कुणी बोलावलं? मीच. हे लक्षात ठेवा. ती कधीच फोटोत यायची नाही, कुणी फारसा आग्रहही करायचं नाही. मी तिचा हात धरून ओढत आणलं.

"मी कशाला गं?" म्हणाली. मग हसली, "सरी, बरं, स्वल्प सरक तिकडं." आणि माझ्या शेजारी, अगदी कडेला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

फोटो धुऊन आला तो मी ऑफिसात नेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. स्कॅनर गुणगुणत होता, त्याचा उजेड काचेखालून सरकत होता. फोटो पाठवला तर मेल परत आली — फार जड. शेजारी बसणाऱ्या मुलीनं मागे एकदा शिकवलं होतं, जड झाला तर कडा काप, नाहीतर लहान कर. इथपर्यंत माझा काही दोष नाही. असला तर इथून पुढे आहे.

पडद्यावर फोटो भलामोठा दिसत होता. आणि अक्का, इतकी वर्षं रोज पाहिलेली अक्का, मला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी दिसली. ते ओठ. ते डोळे. आधीच्या एका स्थळानं घर पाहून गेल्यावर नकार कळवला होता. कारण सांगितलं नव्हतं, पण आम्हाला सगळ्यांना समजलं होतं. त्या संध्याकाळी अक्का जेवली नव्हती. मला वाटलं, या मुलाची आई हा फोटो बघेल. मला तो मुलगा हवा होता — नुसत्या पत्रांवरून, फोनवरच्या त्या लांबून येणाऱ्या आवाजावरून हवा होता. मी माउस ओढला. तुटक रेघांची चौकट झाली. अक्का चौकटीबाहेर राहिली. बटण दाबलं.

हात उरला.

तो कापता येत नव्हता, कारण तो माझ्याच खांद्यावर होता. पांढऱ्या टोकांची चार बोटं, पुढे कुणीच नाही. मग मी काय केलं असेल? फोटो लहान केला. बोटं अजून ओळखू येत होती. आणखी निम्मा केला. आईचा चष्मा गेला, हंस गेले, बाबांच्या मिशा गेल्या. आणखी केला. शेवटी माझ्या खांद्यावर एक फिकट ठिपका राहिला. पदराचा काठ म्हणून खपला असता. तेवढा फोटो मी पाठवला. तो गेला.

घरी आल्यावर अक्का वाटच बघत होती. "माझं तोंड बरं आलंय का गं, पुट्टी?" तिनं विचारलं. इतकंच विचारलं तिनं. आणि मी — मी तिला सांगितलं, फोटो जड होता, जाईना, म्हणून कडेचा भाग कापावा लागला.

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "एवढं मोठं खटलं त्या तारेतून कसं जायचं! बरं केलंस." आणि माझ्यासाठी चित्रान्न गरम करायला आत गेली.

मुलाचं उत्तर आलं. फोटो फार छोटा आहे, म्हणाला, पण बाहुल्यांची रास दिसली, कुणी मांडल्या? मी लिहिलं — मी.

लग्नाआधी तो घरी आला, अक्काच्या पाया पडला. तिच्या हातची होळिगे, आमची इकडची पुरणपोळी, मागून मागून खाल्ली. मग मला हळूच म्हणाला, "अगं, या फोटोत कशा नव्हत्या?" मी म्हटलं, गावाला गेली होती. मी ज्याला भ्याले होते ते त्याच्यात नव्हतंच कधी. पण असतं, तर मी केलं ते बरोबर झालं असतं का? नसतंच झालं.

लग्नात फोटोग्राफरनं घरच्यांना स्टेजवर बोलावलं. अक्का बाजूला झाली. मी हाक मारली — हो, मारली. तिनं लांबूनच हात हलवला. "मी नको गं. मी आले की फोटो जड होतो." सगळे हसले. मीही हसले. तिला कळलं होतं का? की माझ्यावर विश्वास ठेवून ती खरंच बाजूला झाली होती? यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये ती नाही. पुढेही कधी फोटोत आली नाही.

तो मूळ फोटो मी घरी परत आणलाच नव्हता. कुणी शेजारी ठेवून बघू नये म्हणून ऑफिसच्या खणात ठेवला, आणि नोकरी सोडून अमेरिकेला निघाले तेव्हा खण उघडूनही पाहिला नाही. निगेटिव्ह बाबांच्या मित्राकडे होती. ते केव्हाच गेले.

अक्का गेली तेव्हा बाबांचा फोन आला. हार घालायला फोटो हवा होता, घरात एकही नव्हता. "तो दसऱ्याचा तुझ्याकडे असेल ना, पुट्टी?" मी म्हटलं, नाही बाबा, शोधते. फोन ठेवून रडले. खूप रडले. मग जुन्या मेलमधून ती फाइल काढली, आणि मोठी करत गेले. फोटो मोठा होईना, नुसते चौकोन होत गेले — आईचे, बाबांचे, माझे. माझ्या खांद्यावर चार फिकट चौकोन आले.

अक्काचा तेवढाच फोटो आहे.