कौसल्याच्या दिव्यातला फॉल्ट

रामकिसन वायरमननं माझ्या बदनापूरच्या घराचं काम सहा महिने रखडवलं, आणि ते सहाही महिने मी त्याच्यावर चिडून होतो. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना भलेपणाचा आव आणायला नको. मी निवृत्त गणित शिक्षक. गृहपाठ न आणणाऱ्या पोरांना जसं वर्गाबाहेर काढायचो, तसं रामकिसनला शिडीसकट काढावंसं वाटायचं.

माणूस त्रेपन्न वर्षांचा, राहायला जुन्या जालन्यात. गुडघे कामातून गेलेले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर थांबून दम खायचा आणि वर पोचल्यावर आपण कशाला आलो होतो ते आठवत बसायचा. पण हाताला सफाई अशी, की त्यानं वायर टाकलेली भिंत पुन्हा फोडावी लागत नाही. म्हणून मी त्याला धरून होतो.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला, कौसल्याला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मूलबाळ नाही. सकाळी तिचं सगळं आवरून, भाकरी थापून हा बाहेर पडायचा; दुपारी शेजारच्या चांगुणाबाई येऊन तिला भरवून जायच्या. बाकी दिवसभर ती खाटेवर एकटी, आणि पंख्या-दिव्याची बटणं दाराजवळ, पाच फूट उंचीवर. पंखा चालू राहिला की ती कुडकुडायची, बंद राहिला की घामानं भिजायची.

"दुनियेच्या घरात बटनं बसवून राह्यलो, सर," तो एकदा म्हणाला, "अन् माझ्याच बायकोचा हात पोचंना."

म्हणून त्यानं वाय-फायवर चालणारं एक बोर्ड मागवलं. काडेपेटीएवढं, दोन्ही कडांना पिना. मोबाईलवरचे हिंदी व्हिडिओ बघून शिकला. माझा जुना लॅपटॉप घेऊन गेला. पहिला आठवडा बोर्डाला वाय-फायच सापडेना. शेवटी कळलं, राउटर दोन बँडवर चालतो आणि या बोर्डाला त्यातला जुनाच दिसतो. मग प्रोग्रॅम चढेना. त्यात चार दिवस गेल्यावर कळलं, केबल नुसती चार्जिंगची होती. माझ्याकडं कामाला यायचा तेव्हा डोळे लाल झालेले असायचे आणि जेवणाचा डबा न उघडताच परत न्यायचा. "थकलो, सर," एवढंच म्हणायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचा.

अखेर जमलं. खाटेच्या डाव्या कठड्याला त्यानं घंटीची दोन बटणं बसवली. वरचं पंख्याचं, खालचं दिव्याचं. बटण दाबलं की बोर्डाला कळतं, बोर्ड रिलेला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खटक्याला, सांगतं, रिले टक् करते आणि दिवा लागतो. शिवाय रामकिसनच्या मोबाईलवर 'दिवा चालू', 'दिवा बंद' असा निरोप येतो. मोबाईल तिच्यासमोर धरून त्यानं ते दाखवलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी ती डाव्या अंगानं हसली म्हणे.

आठ दिवस बरे गेले. मग एका दुपारी तो माझ्या स्वयंपाकघरात शिडीवर असताना खिशातला मोबाईल वाजायला लागला. दिवा चालू. दिवा बंद. चालू. बंद. दहा-पंधरा वेळा.

"रिले फडफडून राह्यली, सर. कुठंतरी लूज हाय. जळून जाईन सगळं." पक्कड तिथंच ठेवली, मोटारसायकल काढली आणि जालना गाठलं.

त्या पंधरवड्यात असं तीनदा झालं. पहिल्यांदा त्यानं सगळे स्क्रू आवळले. दुसऱ्यांदा रिले बदलली. तिसऱ्यांदा बटणाची वायर आणि चार्जर, दोन्ही नवं टाकलं. प्रत्येक वेळी खाटेच्या कडेवर बसून, बोर्डाची डबी मांडीवर घेऊन, दोन-दोन तास. तो घरात शिरला की फॉल्ट गायब व्हायचा.

चौथ्यांदा मोबाईल वाजला आणि माझा तोल गेला. "रामकिसन, फॉल्ट सापडत नसेल तर त्याला गप्प कर! प्रोग्रॅममध्ये लिही, की दिवा एकदा बदलला की अर्धा तास पुन्हा बदलायचाच नाही." अर्ध्या तासाचे मिलिसेकंदही मीच तोंडी काढून दिले, अठरा लाख. हुशारी मिरवायची खोड जात नाही.

उपाय लागू पडला. मोबाईल थंडावला. आठवडाभरात माझं स्वयंपाकघर पुरं झालं, दोन खोल्यांत दिवे लागले. मी खूश.

शनिवारी पंखे घ्यायला आम्ही दोघं जालन्याला गेलो आणि पाणी प्यायला त्याच्या घरी थांबलो. कौसल्या भिंतीकडं तोंड करून पडली होती. चांगुणाबाई ताट घेऊन बसल्या होत्या, चांगल्याच वैतागलेल्या.

"आलात का? बरं झालं. दोन दिवसांपासून घास घेत न्हाई ही. ते दिव्याचं बटन दाबून दाबून अंगठा सुजवून घेतला. मी म्हणलं, बाई, भर उजेडात दिवा कशाला पायजे? तर दाराकडं बोट दाखवती."

"कवापासून दाबून राह्यली?" रामकिसननं विचारलं.

"पयल्यापासून. पयले दाबलं की तुम्ही यायचे ना घरी. आता दाबलं तरी येत न्हाई, मंग रडती."

तो खाटेच्या कडेवर बसला, नेहमीच्या जागी. तिचा सुजलेला अंगठा हातात घेतला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी वायरीतच शोधून राह्यल्तो, सर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला वाचा नाही, तिच्या हाती हाक मारायला राहिलेलं एकच बटण मी हिशेब करून बंद पाडलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यानं प्रोग्रॅममधली ती अर्ध्या तासाची ओळ काढून टाकली आणि दिवा स्वतःच्या मोबाईलवरूनही लागेल असं केलं. आता ती तिकडून दोनदा दाबते, हा इकडून दोनदा दाबतो. तेवढ्यानं बहुतेक वेळा भागतं. नाही भागलं तर पक्कड ठेवून निघतो. पोट हातावर आहे, रोज जाणं परवडत नाही.

काल तो माझ्या हॉलचा पंखा टांगत होता. दोन्ही हात वर गुंतलेले, गुडघे थरथरत होते, आणि टेबलावरचा मोबाईल वाजला.

"सर, तेवढं दाबा ना," तो म्हणाला.

मी दोनदा दाबलं. लगेच तिकडून दोनदा उत्तर आलं. तिला वाटलं, तोच आहे.

मी मोबाईल त्याच्या खिशात घातला आणि शिडी धरली. "उतर खाली, रामकिसन. घरी जा. पंखा उद्या लाव."