धुतलेलं तूप

काशीगावात लग्नाला नाही आलात तरी कोणी रुसत नाही. हळदीला नाही आलात तर मात्र पुढची कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागतं. आमच्या आगरी घरांत लग्न म्हणजे कडक कपडे सांभाळत उरकायचं काम. खरा सोहळा आदल्या दिवशी, हळदीचा. मांडव, बेंजोवाले, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई, अख्खी आळी, आणि मधोमध पाटावर बसलेला पिवळाधमक नवरा. त्यामुळे माझं लग्न ठरलं त्या दिवशी बाबांनी मुलीकडच्यांना हॉलचं विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. चहाचा कप खाली ठेवत ते एवढंच म्हणाले, "हलद मातर आमच्याकडं जोरात व्हईल हां!"

मुलीकडचे लालबाग सोडून जवळच्याच इंद्रलोक वसाहतीत राहायला आलेले, शांत, नोकरदार लोक. त्यांनी हसून माना डोलावल्या. मी मात्र जागच्या जागी गार पडलो, कारण मला हळद लागते.

हा 'लागते' शब्द मोठा फसवा आहे. त्याच आठवड्यात आईने मावशीला फोनवर काळजीने सांगितलं, "आपल्या पोराला हलद लागते गो." तिकडून मावशी किंचाळली, "लागली? आनि आमाला बोलावला पन न्हाय?" आई समजावेपर्यंत मावशी रडून मोकळी झाली होती. हळद लागणं म्हणजे नवरा होणं, आणि लागणं म्हणजे दुखणं, झोंबणंसुद्धा. माझ्या बाबतीत दोन्ही एकदमच होणार अशी लक्षणं दिसत होती.

माझी कातडी जन्मापासूनच कोरडी आणि नाजूक. थंडीत पोटरीवर नखाने रेघ ओढली की पांढरी अक्षरं उमटायची. शाळेत मागच्या बाकावरची पोरं माझ्या पायावर फुली-गोळा खेळायची आणि मी त्यांना बडवून काढायचो. नवा साबण, लोकरीची टोपी, शेजाऱ्याचं अत्तर, मला काहीही झोंबायचं. त्यात धंदा एसी दुरुस्तीचा, म्हणजे दिवसभर गार, कोरड्या हवेत उभं राहायचं. मागच्या वर्षी चुलतभावाच्या हळदीत मलाही सगळ्यांनी बेसन-हळद चोपडली, सुकून तडकेपर्यंत ठेवली आणि मग खसाखसा चोळून काढली. दुसऱ्या दिवशी तोंड असं सुजलं, की त्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी नुकताच पोलीस चौकीतून सुटून आल्यासारखा दिसतो.

ते तोंड बाबांनी बघितलं होतं. आणि कोरड्या कातडीचं त्यांना वेगळंच दुःख होतं. तरुणपणी ते मिठागरात राबले. खाऱ्या पाण्याने आणि फावड्याच्या दांड्याने त्यांचे तळवे असे झाले होते की चादरीवरून हात फिरवला तर धागा निघायचा. मी लहान असताना ते कामावरून आले की माझे गाल धरायचे आणि मी भोकाड पसरायचो. "माजे हात लागतात रं तुला," असं म्हणत त्यांनी ते हळूहळू सोडून दिलं. मिठागर बंद झालं, त्यांनी टेम्पो घेतला, तळवे तसेच राहिले. कौतुक करायचं झालं तर ते शर्टावरून पाठीत थाप मारायचे. तोंडाला हात कधीच नाही. साखरपुड्यात टिळा लावायची वेळ आली तेव्हाही त्यांनी काकांना पुढे केलं.

मिरारोडला स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मलम दिलं आणि सांगितलं, वासाचं, रंगाचं काही नको, घासणं तर अजिबात नको. बाबा सोबत होते. परत येताना टेम्पो घराजवळ आल्यावर ते म्हणाले, "मग असा करू. हलद नुसती बोटाला लावू."

"बोटाला? मी काय मतदान करून आलोय?" मी भडकलो. "लावायची तर तोंडाला लावायची. तुम्ही लावायची."

"मी आंब्याच्या पानानं लावीन," ते लगेच म्हणाले. "पान मऊ असतं."

त्या पानाचा मला इतका राग आला की मी त्याच संध्याकाळी मोहिमेला लागलो. लग्नाला अजून अवकाश होता. तोवर ही कातडी मी सरळ करणारच होतो!

मोबाईलवर उपाय कमी नव्हते. पहिल्या दिवशी बेसनात लिंबू पिळून लावलं आणि नळाकडे असा धावलो की आईला वाटलं गॅस फुटला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुंडीतली कोरफड कापून आणली. तिने मान खाजून लाल झाली. मग मध, केळं, दुधाची साय. मी इतका पेटलो होतो की एका दिवशी तीन गोष्टी लावायचो, आणि पुरळ आलं की ते कशाने आलं हेच कळायचं नाही.

माझी होणारी बायको कॉलेजात केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल घेते. तिने माझा गाल बघितला आणि थेट खडसावलं. "तू चेहऱ्यावर भेळ करतोयस का? एका वेळी एकच गोष्ट लावायची. ती पण चेहऱ्यावर नाही, कोपराच्या आतल्या बाजूला, चिमूटभर. मग थांबायचं. थांबायचं म्हणजे काय, माहितीय ना तुला?"

मला माहीत नव्हतं. पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

तिच्या इमारतीत एक वैद्य बाई राहतात. ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली. बाईंनी डॉक्टरांचं मलम चालू ठेवायला सांगितलं. कढत पाण्याची आंघोळ बंद करायला लावली. अंग रगडून पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच वरून धुतलेलं तूप लावायचं. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "धुतलेलं?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, साजूक तूप तांब्याच्या भांड्यात घ्यायचं, गार पाणी घालून तळहाताने फिरवत राहायचं, पाणी काढून टाकायचं, परत नवं घालायचं. असं शंभर वेळा. तेही आधी कोपरावर लावून बघायचं.

मी घरी येऊन गणपतीत निघणारं मोठं ताम्हन खाली काढलं. तूप घेतलं आणि दारापुढच्या ओट्यावर बसलो फिरवत. थोड्याच वेळात मनगट भरून आलं. तूप पिवळं ते पिवळंच, पाणी इकडे तिकडे पळतंय, दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. आई दारात उभी राहून बघत होती. "भांडी धुतात, कपडे धुतात. तूप कंदी कोनी धुतला? आनि पानी पन पिन्याचा! हितं पान्याची बोंब, आनि ह्यो तूप धुतंय!"

मी चिडून ताम्हन सरकवलं. तेव्हा बाबा खुर्चीतून उठले, लुंगी सावरून ओट्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाजूला सर."

त्यांनी तळवा तुपावर ठेवला आणि गोल फिरवायला सुरुवात केली. ना घाई, ना जोर. पाणी गढूळ झालं की ताम्हन तिरपं करून ते काढून टाकायचं, नवं घ्यायचं. मोजणी त्यांनी कधीच सोडून दिली होती. बघता बघता तूप फिकं झालं, मग सायीसारखं दिसायला लागलं. बाबांचा चेहरा उजळत चालला होता. "आरं, ह्यो तर आपला मिठागरच हाय!" ते एकदम म्हणाले. "पानी आत घ्यायचा, पानी भाईर काढायचा. मंग जो पांढरा ऱ्हातो तो आपला!"

आणि खरंच ते पांढरं झालं. शुभ्र, फुगलेलं, वास गेलेला, बोटावर घेतलं तर विरघळून नाहीसं होणारं. बाबा ओरडले, "पांढरा जाला! ये, बघ गो, पांढरा जाला!" आई पीठ भरल्या हातांनी धावत आली. मी ओट्यावर उड्या मारत होतो. समोरच्या टॉवरमधल्या गुजराती काकी खिडकीतून म्हणाल्या, "काका, मक्खन निकाला क्या?" बाबांनी छाती काढून सांगितलं, "मक्खन नहीं! लडके के चमडी का है!" काकींनी खिडकी हळूच लावून घेतली.

कोपरावर लावलं आणि थांबलो. शिकलो होतो आता थांबायला. सकाळी कोपर स्वच्छ! मी ते कोपर वर धरून घरभर नाचलो, होणाऱ्या बायकोला फोटो पाठवला, आईला दाखवलं, दूधवाल्यालाही दाखवलं.

मग बाबांनी तो कारखानाच सुरू केला. थोडंथोडंच करायचं, ताजं वापरायचं. दुपारी जेवण झालं की ताम्हन ओट्यावर यायचं. लग्नाच्या खरेदीला आई एकटी जायची, कारण बाबांना वेळ नसायचा. मी आंघोळ करून ओल्या अंगाला ते तूप लावायचो, जरा चिकट वाटायचं, मग मुरायचं. ऐन थंडीत एक दिवस सवयीने पोटरीवर नखाने रेघ ओढली, तर काहीच उमटलं नाही. परत ओढली. नाही. मी होणाऱ्या बायकोला फोन करून सांगितलं, "माझ्या पायावर आता लिहिता येत नाही!" ती म्हणाली, "बरं झालं, आता वही विकत घे."

शेवटची परीक्षा हळदीची होती. वैद्य बाईंनी सांगितल्याप्रमाणे घरी दळलेली हळद अगदी थोडी, त्या तुपात कालवली. बेसन नाही, सुगंधी उटणं नाही, सुकू द्यायचं नाही, मऊ ओल्या फडक्याने टिपून काढायचं. कोपरावर लावलं. एक दिवस गेला, दुसरा गेला, कोपर पिवळं झालं आणि हसत राहिलं. आईने मावशीला फोन केला. या वेळी नीट शब्द निवडून.

हळदीनंतरच्या सकाळी माझं तोंड कसं होतं ते आताच सांगून टाकतो, कारण मला दम धरवत नाही. स्वच्छ होतं! लग्नाच्या फोटोंत मी माणसासारखा दिसतो, जरा बराच दिसतो असं माझं मत आहे. पण मला सांगायचंय ते आदल्या संध्याकाळचं.

मांडव खचाखच भरला होता. बेंजो थांबवून आईने माइक हातात घेतला आणि बजावलं, "बेसन कोनी लावायचा न्हाय! चोलायचा न्हाय! जो चोलंल त्याला जेवन न्हाय!" टाळ्या पडल्या. धवले सुरू झाले. सुवासिनींनी एकेक करून पाटाशी येऊन बोटाने हलकेच हळद लावली, इतकी हलकी की मला गुदगुल्या व्हायला लागल्या. मला हसू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं माझ्या गालांना हात लावत होती आणि मी पळून जात नव्हतो.

मग बाबा आले. नवा झब्बा, डोक्यावर टोपी, आणि हातात आंब्याचं पान. ते वाटीत बुडवून त्यांनी माझ्या गालाशी आणलं. देठ गालाला टोचला. मी जरासा दचकलो आणि ते लगेच मागे सरले.

मी त्यांचं मनगट धरलं, पान काढून फेकलं आणि त्यांचा तळवा वाटीत बुडवून माझ्या गालावर टेकवला. टेकवताना मी डोळे घट्ट मिटले होते. तो लहानपणचा खरखरीत हात मला पाठ होता.

तो हात तिथे नव्हता. गालावर एक ऊबदार, मऊ तळवा होता. मी डोळे उघडले. इतके आठवडे रोज दुपारी माझं तूप त्या हातांखालून गेलं होतं, आणि काम झालं की बाबांनी ते लुंगीला पुसले होते. स्वतःचे हात बघायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याही नाही. त्यांनी सवयीने हात मागे घेतला, उलटा करून पाहिला, अंगठ्याने तळवा चाचपला. मग दुसरा. मग दोन्ही हात वाटीत घालून त्यांनी माझे दोन्ही गाल धरले, मी लहान असताना धरायचे तसे. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

बेंजो वाजत होता, त्यामुळे त्यांना अगदी कानाशी येऊन विचारावं लागलं, "लागला का रं?"

"लागली, बाबा," मी म्हणालो. "हळद लागली."