दिवे बंद करून म्हणायचं गाणं

नव्वदच्या दशकातल्या बेंगळुरूत मला जॅझ गायचं होतं, आणि तेही एकाच दिव्याखाली, अर्धा चेहरा अंधारात ठेवून. हे खूळ व्हिडिओ लायब्ररीतून आलं. जे. पी. नगरमधल्या आमच्या घराजवळच्या दुकानात जुन्या कृष्णधवल इंग्रजी गुन्हेपटांच्या कॅसेट धूळ खात पडलेल्या असत. कोणी नेतच नसे, म्हणून दुकानदार त्या मला हव्या तितक्या दिवस ठेवू देई. खून कोणी केला हे मला बहुतेक वेळा कळायचंच नाही. मी वाट बघायची ती क्लबातल्या गायिकेची. ती माइकपाशी येऊन उभी राहायची आणि समोरच्यांची जराही पर्वा नसल्यासारखी गायची. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत हात जोडून, हसून, काकू लोकांच्या फर्माइशी पुरवत वाढलेल्या मला ते पर्वा नसणं फार हवं होतं.

कॉक्स टाउनात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन पियानोवादकांकडे मी शिकायला जात असे. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यांनी गाऊच दिलं नाही, नुसती टाळी शिकवली. चार मात्रांत आपण पहिलीवर आणि तिसरीवर टाळी देतो; स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या ठेक्यात, ती दुसरीवर आणि चौथीवर पडते. गाण्याचा सगळा झोका तिथंच आहे, असं ते सांगत. मी ऑफिसच्या बसमध्ये मांडीवर ती टाळी घोटली. शेवटी त्यांनी एका हॉटेलात माझ्यासाठी शब्द टाकला. रविवारी दुपारी लोक जेवत असताना ते तिथं वाजवत. आता मी सोबत गावं, असं ठरलं.

राहता राहिले बाबा. ते सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी नकार दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण नव्या यंत्राची घेतात तशी त्यांनी माझी चाचणी घ्यायचं ठरवलं.

"गणपतीत आपल्या मंडळात म्हण," ते म्हणाले. "लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं तर खुशाल हॉटेलात जा. मी आड येणार नाही."

मला आईची काळी चंद्रकळा नेसायची होती. गणपतीपुढे काळं नेसून उभी राहिलीस तर मी हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही, असं आईनं बजावलं. अंधारात कुठं रंग कळणार आहे म्हणून मी बाटलीहिरवी नेसले. माझ्या गाण्यापुरता एकच दिवा ठेवायचा, हे मंडळाच्या सेक्रेटरींना मी नीट समजावलं होतं, आणि त्यांनीही इथल्या कानडी सवयीनं "सरी, सरी" म्हणत मान डोलावली होती. मात्र हे बाकी कोणाला सांगायला हवं, असं त्यांना वाटलं नाही.

माझं नाव पुकारलं गेलं, हॉलमधल्या ट्यूबलाइट विझल्या. स्टुलावरच्या टेबललॅम्पचा उजेड माझ्या गालावर पडला. पियानोवादकांनी कीबोर्डवर सुरुवात केली. पावसात भिजलेला रस्ता आणि परत न येणारा माणूस, असं ते गाणं होतं. पहिली ओळ मला हवी तशी लागली. तेवढ्यात मागून वॉचमन कानडीत ओरडला, "करंट होयतु!" लाइट गेली म्हणून.

दिवा जळत होता, कीबोर्ड विजेवर वाजत होता, पण हे कोणाच्या डोक्यात येईल तर शपथ. वॉचमन जनरेटरकडे धावला. कोणीतरी गणपतीपुढची निरांजनं पेटवली. आणि अंधारात पोरीचं गाणं अडू नये म्हणून आमच्या माणसांनी टाळ्या धरल्या. आरतीच्या. पहिलीवर आणि तिसरीवर. मी दुसरीवर जोर द्यायची, तर अख्खा हॉल मला प्रेमानं ओढून परत पहिलीवर आणायचा. एका काकांनी झांज घेतली. पियानोवादकांनी थोडा वेळ झुंज दिली, मग खांदे उडवून तेही झांजेमागे गेले. तोवर जनरेटर लागला, कोणीतरी बटणं दाबली, ट्यूबलाइट भक्कन पेटल्या, आणि मी हिरव्या साडीत, घामाघूम, परत न येणाऱ्या त्या माणसाची आरती म्हणत उभी होते.

वन्स मोअर मिळाला. इंग्रजी असूनही किती भाव होता, असं एक काकू म्हणाल्या. मला इतका संताप आला होता की त्यांनी हातावर ठेवलेला मोदक मी मुठीतच चुरडला.

घरी पोचलो तेव्हाही बाबा खुशीत होते. चाचणी पास झाली होती, दिलेला शब्द ते मोडणार नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. पण ते जे पास झालं ते माझं गाणं नव्हतंच, आणि हे बाबांना कळलंच पाहिजे असा हट्ट मला चढला. मी त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, तीच ओळ पुन्हा म्हटली आणि टाळी देऊन दाखवली. दुसरीवर, चौथीवर. बाबांनी डोळे मिटून मनापासून ऐकलं. त्यांचा हात टेबलावर पडत होता, पहिलीवर.

"तुझी टाळी जरा उशिरा पडते गं," ते म्हणाले. "पण काळजी करू नकोस. आम्ही सगळे येतोय ना रविवारी हॉटेलात. झांजवाल्या काकांनाही सांगितलंय."