थडग्यावरचं वचन

टेनेसीतल्या त्या गावात बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात एक वाचनालय होतं, आणि वाचनालय म्हणजे लवॉन टिडवेल. टपाल कचेरीतून निवृत्त झालेली, सत्तरीची, एकटी. बायकांच्या मंडळासाठी आलेली प्रत्येक ख्रिस्ती कादंबरी ती आधी स्वतः वाचायची, शेजारी बायबल उघडं ठेवून. मग मागच्या पुठ्ठ्याला चिठ्ठी चिकटवायची: अमक्या पानावर देवदूत बोलतो ते शास्त्रात नाही, पडताळून पाहा.

"मिस लवॉन, तुम्ही प्रेमकथेलाही परीक्षेला बसवता," बायका म्हणायच्या.

"नापास होतात, त्याला मी काय करू?"

एकदाच तिनं चिठ्ठी चिकटवली नाही. शॉना ब्रिस्टरची सहा वर्षांची मुलगी तापानं गेली होती. शॉनानं जी कादंबरी मागितली ती मेलेल्या लेकराची होती, तेव्हा घरोघरी वाचली जात होती. चिठ्ठी लिहून तयार होती. शॉनाचे डोळे पाहून लवॉननं ती पर्समध्ये सरकवली.

तीन महिन्यांनी थडग्यावर दगड बसला. त्यावर कोरलं होतं: 'ज्यांना मी लवकर बोलावतो, ते माझ्या अंगणात खेळत तुमची वाट पाहतात.' खाली, यशया. पास्टरांनी ते मोठ्यानं वाचलं. सगळे आमेन म्हणाले.

लवॉन म्हणाली नाही. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या सहासष्ट अध्यायांत ही ओळ कुठेच नव्हती. कादंबरीतला म्हातारा उपदेशक यशयाचं नाव घेऊन ती म्हणतो. चिठ्ठीत नेमकं हेच लिहिलं होतं.

तिनं पास्टरांना गाडीपाशी गाठलं. "तुम्हाला कळलं नाही?"

"मला ओळखीचं वाटलं."

"वाटणारच. तुमच्या बायकोनं पुस्तक दोनदा नेलंय."

"मिस लवॉन, दगड ग्रॅनाइटचा आहे. जाऊ द्या. कुणाचं काय बिघडलं?"

आठवडाभर तिनं वाट पाहिली. पास्टरांनी शॉनाला काही सांगितलं नाही. मग ती शॉनाकडे गेली आणि सगळं सांगितलं, चिठ्ठीसकट.

"म्हणजे ती वाट पाहत नाही?" शॉनानं विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही. दावीद राजाचं लेकरू गेलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे येणार नाही. बायबलमध्ये हे आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

शॉनानं दार हातात धरलं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तेव्हा मी हेसुद्धा धरून बसले असते. मला काहीही चाललं असतं. आता कोरून झाल्यावर आलात."

शॉनानं दार लावून घेतलं.

त्यानंतर शॉना चर्चला आली नाही. पास्टरांनी लवॉनकडून वाचनालयाची किल्ली परत घेतली. मंडळातल्या बायकांनी पुस्तकांमागच्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. या वसंतात तीच ओळ आणखी एका थडग्यावर आली. खाली, यशया.