ओन्ली आधी

धाकटे, तुझ्या दुकानावरची पाटी मी येता-जाता वाचते आणि अजूनही माझं डोकं उठतं. तोंडी सांगून उपयोग नाही. मी बोलते तेव्हा तुझ्या तोंडात टाचण्या असतात आणि तू नुसतं "हं" म्हणतेस. म्हणून लिहिते.

तू माझी जाऊ होऊन या घरात आलीस तेव्हा तुझ्या बॅगेत कपडे कमी आणि कात्र्या जास्त होत्या. माझ्या दिरानं रस्त्याकडची खोली तुला दिली. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा, दाराशी बाक. गळ्यातली टेप तू जेवतानाही काढत नाहीस. एकदा बोलता बोलता सासूबाईंचंच माप घेतलंस आणि म्हणालीस, "डावा खांदा उतरलाय तुमचा." त्यांना तोंडावर काही सांगणारी या घरात तू पहिलीच. मला तू तेव्हाच आवडलीस.

मग त्या बाकावर पुरुष येऊन बसायला लागले. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. बायका पडद्यामागे जायला लाजू लागल्या आणि एकेक करून समोरच्या टेलरमास्तरांकडे वळल्या. त्यांच्याकडे निदान आत वेगळी खोली होती. धंदा बसतो की काय, म्हणून तू घाबरलीस.

"जाऊबाई, इंग्रजीत पाटी लावू या. आम्ही फक्त बायकांचेच कपडे शिवतो!"

"फक्त म्हटलंस ना? मग वर च कशाला?"

"'च'शिवाय जोर येत नाही."

मी सांगितलं, इंग्रजीत च नसतो, ओन्ली असतो, आणि पाटीवर तरी त्याला शब्दाच्या शेपटीला लोंबकळू द्यायचं नाही. ज्याला आवळायचं त्याच्या अगदी आधी बसवायचा. "वी स्टिच ओन्ली लेडीज क्लोद्स. ओन्ली लेडीजच्या आधी. जागा हलली की अर्थ हलला."

"म्हणजे डावी बाही उजवीकडे लावल्यासारखं?"

"तस्संच."

समजलं होतं गं तुला! पण पेंटरला फोन केलास तो टाचण्या तोंडात धरून. त्याला ऐकू गेलं एवढंच: "ओन्ली आधी." त्यानं तो सगळ्यांच्या आधी घातला, लालभडक. ओन्ली वी स्टिच लेडीज क्लोद्स. म्हणजे बायकांचे कपडे शिवावेत तर आम्हीच!

मास्तर चष्मा कपाळावर ढकलून रस्ता ओलांडून आले. "तुम्हीच शिवता? मग मी इतकी वर्षं काय पोती शिवली?"

"अहो मास्तर, ओन्ली घसरलाय!"

"घसरला नाही, डोक्यावर चढलाय! शिवा, तुम्हीच शिवा. मी आजपासून पुरुषांचेच!"

आणि खरंच त्यांनी पाटी लावली: वी स्टिच जेंट्स ओन्ली. रागाच्या भरात क्लोद्स राहून गेले. म्हणजे आता मास्तर थेट पुरुषांनाच टाके घालणार! मी हसून हसून तुझ्या बाकावर आडवी झाले. बाक रिकामाच होता. पँटवाले सगळे तिकडे गेले होते आणि तिकडच्या बायका इकडे परत आल्या होत्या.

तरी चूक ती चूक. "लाल रंगाचा छोटा डबा आण," मी म्हटलं. "पेंटरला मी बोलावते, ओन्ली जागेवर बसवू."

"हं."

"हं काय? मास्तरांचा रागही जाईल."

तेव्हा कुठे तू टाचण्या काढल्यास. "राग गेला की बायकाही जातील, जाऊबाई."

त्यानंतर डब्याचं विचारलं की तू "आणते ना" म्हणतेस. परवा तर वर मलाच ऐकवलंस, "रंगाचं दुकान तुमच्याच वाटेवर आहे, तुम्हीच आणा की!"

आहे माझ्या वाटेवर. काल आत गेलेही. पाटी डावीकडे कललीय, म्हणून चांगले लांब खिळे आणलेत. घट्ट ठोकून घे. रंग तेवढा राहिलाच.