वल्ह्याची बोहनी

पावसाळ्यानंतर शिवनाथा नदीवर डोंग्यांचा, म्हणजे लहान होड्यांचा, बाजार भरायचा. विकणाऱ्या बाया डोंग्यातच बसत. आम्ही चरोद्याहून जाऊन गुडघाभर पाण्यात उभं राहून भाजी घ्यायचो. एक केवटीण, नावाड्यांतली बाई, आईचा हात शुभ समजून दिवसाची पहिली विक्री, बोहनी, तिलाच करायला लावायची.

पुढे कारखान्याच्या जागेत केवटिणीची भाजीची बाडी, तिचा मळाच, गेला. तरी ती रिकामा डोंगा घेऊन आली.

"बोहनी करून दे, बाई."

"डोंग्यात तं काईच नाई, माय. काय घेऊ?"

तिनं वल्हं पुढे केलं. बोहनीला नाही म्हणायचं नसतं, हे आईचं खूळ. आईनं पैसे देऊन ते घेतलं नि माझ्या खांद्यावर दिलं.

आम्ही काठाशी पोचलो तोवर डोंगा तिला घेऊन धारेला लागला होता. "थांब व माय," म्हणत आई पाण्यात धावली. वल्हं माझ्याच खांद्यावर होतं.