माझ्या नंबरवर आलेला मेसेज

बी.एस्सी. नर्सिंगच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मोबाईल नंबरचा एक रकाना असतो. माझ्या मैत्रिणीच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात माझा नंबर होता.

यात तेव्हा आम्हाला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. मौद्याजवळच्या आमच्या गावात तिच्या घरी एकच मोबाईल होता, आणि तो तिच्या बाबांसोबत नागपूरजवळच्या वाडीला असायचा. ते तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ड्रायव्हर होते, खोली करून राहायचे, पंधरा दिवसांतून एकदा गावी यायचे. ट्रक छत्तीसगडकडे निघाला की त्यांचा फोन दोन-दोन दिवस लागत नसे. माझे बाबा वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते. मी बारावीला गेले तेव्हा त्यांनी मला साधा स्मार्टफोन घेऊन दिला होता. आमच्या घरात शिकलेलं कोणी नव्हतं, पण शिकणाऱ्याला काय लागतं ते बाबा दुसऱ्यांना विचारून घ्यायचे. फोनही असाच विचारून आणलेला. गावातल्या निम्म्या मुलींच्या फॉर्मवर कोणाच्या तरी भावाचा, शेजाऱ्याचा, आशाताईचा नंबर असायचा. ओटीपी आला की पोरं धावत जाऊन सांगायची. तीच रीत होती.

मौद्याच्या सेतू केंद्रात आम्ही दोघींनी एकाच दिवशी फॉर्म भरला. केंद्र चालवणारा दादा मोठा बोलका होता. तिच्या फॉर्ममध्ये माझा नंबर टाकताना तो म्हणाला, "दोघींचा एकच नंबर? मंग लग्नही एकाच मांडवात लावा."

"दोघींले एकच नवरा नको म्हणा," ती म्हणाली. आम्ही हसून हसून बेजार झालो.

ती माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. शाळेत जीवशास्त्राची आकृती ती फळ्यावर काढायची आणि मी तिच्या वहीतून उतरवायची. प्रवेश परीक्षेतही ती माझ्यापुढे राहिली. आम्ही दोघी एकाच प्रवर्गातल्या. यादीत तिचा क्रमांक वर, माझा बराच खाली. नागपूरच्या सरकारी कॉलेजात त्या प्रवर्गातल्या मुलींसाठी जागा मोजक्याच. निकालानंतर पेढे घेऊन आम्ही विज्ञानाच्या सरांकडे गेलो तेव्हा ते मागच्या वर्षीची यादी बघून म्हणाले, "दोघींतली एक तर नक्कीच लागते."

सरांनी ते आनंदाने म्हटलं होतं. त्यांनी आम्हाला दोन वर्षं संध्याकाळी फुकट शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या वाक्यातला 'एक' मी घरी घेऊन आले. सरकारी कॉलेज नाही मिळालं तर खासगी कॉलेजची फी आमच्या घरी परवडणारी नव्हती. म्हणजे मग नर्सिंगची पदवी नाहीच. कामठीच्या कॉलेजात बी.ए. आणि त्यानंतर स्थळं. तिचंही तसंच होणार होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

रोवण्याचे दिवस होते. आमच्याकडे धानाची रोवणी सुरू झाली की बाया, पोरी सगळ्या बांध्यांमध्ये. त्या आठवड्यात माझ्या पायाला जखम झाली होती म्हणून मी घरी होते. ती आणि तिची आई आमच्या घरामागच्या शेतात रोवणीला गेल्या होत्या. मागच्या दारातून मला ती दिसत होती. गुडघाभर चिखलात वाकलेली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

सकाळी अकराच्या सुमारास मेसेज आला. तिच्या अर्ज क्रमांकाचा. जोडलेल्या नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत संपलेली आहे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालू वर्षाचा दाखला अपलोड करा, नाहीतर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जाईल.

चालू वर्षाचा दाखला तिच्याकडे होता. तहसीलमधून आणला तेव्हा मी सोबत होते. सेतू केंद्रात फाइल उघडताना जुना आणि नवा दोन्ही एकत्र होते, दादाच्या हाती जुना लागला. मौद्याला जाऊन दहा मिनिटांचं काम होतं.

मी मेसेज दोनदा वाचला. मग मागच्या दारात जाऊन उभी राहिले. शेताच्या धुऱ्यावरून चालत गेले असते तर तिच्यापर्यंत पोहोचायला पाच मिनिटं लागली असती. हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. मी स्वतःला सांगितलं की आता ती मजुरीवर आहे, काम सोडून यावं लागेल, संध्याकाळी सांगू. हे खोटं आहे हे मला तेव्हाच कळत होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा त्याला ते कळत नसतं असं म्हणतात. माझ्या बाबतीत तसं नव्हतं.

संध्याकाळी ती स्वतःच आली. पायांवर वाळलेला चिखल, हाताची बोटं पाण्याने पांढरी पडलेली. अंगणातूनच तिने विचारलं, "काही आलं का वं कॉलेजचं?"

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. तिने माझ्या पायाची जखम पाहिली, तिच्या आईनं हळद लावायला सांगितलं आहे म्हणाली आणि घरी गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर मी तो मेसेज डिलीट केला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी घराबाहेर पडले नाही. आईने ताप आला का विचारलं. मी हो म्हणाले.

पुढची यादी लागली तेव्हा माझं नाव सरकारी कॉलेजात होतं आणि तिचं कुठेच नव्हतं. ती रडली नाही, आधी गोंधळली. माझा क्रमांक लागला म्हणजे तिचा लागायलाच हवा, हे तिला गणितासारखं दिसत होतं. तिचे बाबा नेमके गावी आले होते. आम्ही तिघं सेतू केंद्रात गेलो. दादाने पोर्टल उघडलं, वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. चुकीचा दाखला त्याच्या हातून गेला होता हे त्याने लगेच कबूल केलं. पण असं असलं की मोबाईलवर मेसेज येतोच, असं तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आला असन ना वं तुया फोनवर?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी फोन काढला, मेसेज वर-खाली सरकवले आणि म्हणाले, "नाही आला."

मग तिचे बाबा दादाला जे बोलायचं ते बोलले. दुकानात सातबारा काढायला आलेली माणसं होती, बाहेर चहाच्या टपरीवरचे लोक उठून आले. पोरीचं आयुष्य खराब केलं, पैसे घेऊन कागद वाचता येत नाही, पुन्हा या दुकानात गावातलं माणूस पाय ठेवणार नाही. दादा खाली मान घालून ऐकत होता. अर्धी चूक त्याची होतीच, म्हणून त्याला दुसरी अर्धीही आपलीच वाटली असावी. मी तिथे होते. तिचा हात माझ्या हातात होता.

घरी येताना तीच मला समजावत होती. "जाऊ दे वं. आपल्या इकडं नेटवर्कच तसं आहे. तू काहून रडून राहिली?"

मी कॉलेजात दाखल झाले. होस्टेलला जाताना माझी पेटी बसपर्यंत तिने धरली.

एक गोष्ट मला प्रवेशाच्या दिवशी कळली. आमच्या वर्गाची अंतिम यादी नोटीस बोर्डवर लावली होती. आमच्या प्रवर्गात माझं नाव शेवटचं नव्हतं. माझ्या खाली आणखी दोघी होत्या. म्हणजे ती असती तरी मी लागले असते. आम्ही दोघी लागलो असतो. मी त्या बोर्डासमोर किती वेळ उभी होते ते आठवत नाही. मागून कोणीतरी सरका म्हणालं तेव्हा सरकले.

चार वर्षं मी मन लावून शिकले. वॉर्डात शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, ही मुलगी रुग्णावर कधी ओरडत नाही. त्यांनी कौतुक केलं की मला अवघडल्यासारखं व्हायचं. इंजेक्शन दिलं तर वेळ लिहायची, सलाईन लावलं तर वेळ लिहायची, केलं नाही तर का नाही ते लिहायचं, अशी आमची पद्धत असते. मी ते बिनचूक लिहायचे. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी वीजकेंद्राच्या गेटवर पेढे वाटले.

वर्षभर थांबून परत परीक्षा देणं तिच्या घरी परवडणारं नव्हतं. तिने नर्सिंगमधलाच ए.एन.एम.चा दोन वर्षांचा कोर्स केला आणि नागपुरात लकडगंजमधल्या एका छोट्या खासगी दवाखान्यात लागली. बारा-बारा तासांची ड्युटी. आम्ही भेटायचो. ती मला सगळं सांगायची, मी तिला एक सोडून सगळं सांगायचे. यंदा मला सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्सची ऑर्डर मिळाली. ती बर्फी घेऊन आली आणि तिच्यासोबत आलेल्या दवाखान्यातल्या मुलींना म्हणाली, "ही माई मैत्रीण. हिच्याच नंबरवर माया फॉर्म होता." ती गमतीत सांगत होती. मी हातातली बर्फी तशीच कागदात गुंडाळून ठेवली.

दोन दिवसांनी मी तिच्या दवाखान्यात गेले. तिची दुपारची जेवणाची सुट्टी होती. समोरच्या लाकडाच्या वखारीला लागून एक बाकडं आहे, तिथे आम्ही बसलो. मी तयारी करून गेले होते, पण सगळं उलटसुलट बोलले. आधी यादीतल्या खालच्या दोघींचं सांगितलं, मग मेसेजचं.

ती डब्यातली पोळी मोडत होती. थांबली.

"किती वाजता आला होता?"

"अकराला."

"मी तुया घरामागंच होती."

"हो. दिसत होती."

 वखारीत करवत सुरू झाली, बंद झाली. तिने डबा बंद केला. मी माफ कर म्हणाले तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं.

"मले सांगून मोकळी होऊन राहिली का तू? बाबानं त्या दादाले चार लोकांत शिव्या देल्या. त्याले सांग. बाबाले सांग. मंग मायाकडं ये, नाहीतर नको येऊ."

मी आधी मौद्याला गेले. दादाने ओळखलं, खुर्ची दिली. माझं ऐकताना तो कोणाचं तरी पॅनकार्ड स्कॅन करत होता, त्याने काम थांबवलं नाही. शेवटी एक वही माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून तो प्रत्येक फॉर्मनंतर लिहून घेतो की कागद मी तपासले, नंबर माझाच आहे, आणि खाली सही. वही पाचवी होती. "तुया गावचे लोक अजूनही तिकडं कन्हानले जातात फॉर्म भराले," तो म्हणाला. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं.

पुढच्या रविवारी दुपारी वाडीला गेले. तिचे बाबा खोलीबाहेरच्या दगडावर कपडे धूत होते. मला पाहून खूश झाले, आत स्टूल आहे, घे म्हणाले. मी उभ्यानेच सांगितलं. यावेळी सरळ सांगितलं.

ते शर्ट पिळत होते. पिळून झाल्यावरही तो हातातच राहिला.

"म्हणजे आला होता."

"हो काका."

"अन् त्या पोट्ट्याले मी तसं बोललो."

 त्यांनी शर्ट दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आता होऊ शकते का तिचं?"

मी सांगितलं की वय आहे अजून, परीक्षा परत द्यावी लागेल, मग चार वर्षं. अभ्यासाला मी मदत करीन, फॉर्मही मीच भरून देईन, असं म्हणणार होते. तोंडातून निघालं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार.

"चार वर्षं," ते म्हणाले. "तिच्या लहान्या भावाचं शिक्षण तिच्याच पगारावर हाय." बादलीतलं पाणी त्यांनी दगडावर ओतलं. "मी विचारतो तिले. तू नको बोलू तिले यातलं काही."

"बरं."

"उद्या ड्युटी आहे ना तुयी?"

मी हो म्हणाले.

"जाय मंग," ते म्हणाले आणि दुसरा शर्ट भिजवायला घेतला.